बीटीची फवारणी की बीटी बियाणे?

चोपडा-यावल भागात पूर्वहंगामी कपाशी लावणाऱ्या शेतकऱ्यापुढे बोंडअळीसाठी बीटीचे दोन पर्याय आहेत: ‘बॅसिलस थुरिन्जिएन्सिस’ या जिवाणूच्या भुकटीची फवारणी, किंवा त्याच जिवाणूचे जनुक घातलेले बियाणे. अळीच्या आतड्याला छिद्रे पाडणारे ‘क्राय’ प्रथिन दोन्हींत असते. फरक ते कोणाच्या पेशीत बनते, याचा आहे.

भुकटीत ते जिवाणूने आधीच बनवलेले असते आणि फवारल्यावर पिकाच्या वरवरच राहते, त्यामुळे ते उन्हात थोड्याच दिवसांत निकामी होते आणि बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत पोहोचत नाही.

बियाण्यात मात्र हे काम कपाशीचीच पेशी करते. जनुकाची नक्कल संदेशवाहक आरएनए या रेणूवर उतरते आणि रायबोसोम, म्हणजे पेशीतील प्रथिने बनवणारे यंत्र, त्यावरील तीन-तीन अक्षरे (एक त्रिक) वाचत अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या घटकांची, साखळी जोडतो. 64 त्रिकांपैकी 61 अमिनो आम्लांची व 3 थांबण्याची, ही संकेतावली जिवाणू आणि कपाशी दोघांतही तीच असल्यामुळेच हे शक्य होते. तरीही मूळ जनुकापासून वनस्पतीत फारच थोडे प्रथिन बने. म्हणून शास्त्रज्ञांनी त्यातील त्रिके बदलली. ल्युसिन या अमिनो आम्लाला सहा त्रिके आहेत, तेव्हा वनस्पतीला सोयीचे त्रिक घातले तरी साखळीत ल्युसिनच येते. मला हा या तंत्रातील सर्वांत देखणा भाग वाटतो.

भारतात बीटी कपाशीला 2002 मध्ये मान्यता मिळाली. हिरव्या बोंडअळीसाठी मी बियाण्यालाच पसंती देईन. गुलाबी बोंडअळी मात्र बियाण्यातील ‘क्राय1एसी’ आणि ‘क्राय2एबी’ या दोन्ही क्राय प्रथिनांना सरावली असल्याने तिथे फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे राखणे) टाळणे आणि कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावणे आवश्यकच आहे.