बीटी पावडर: कोबीला उत्तम, पाकीट मात्र गोव्याच्या हवेसाठी नाहीच

डिचोलीत घरामागे आमची थोडी भाजी असते. पावसात भेंडी नि दोडकी, भातकापणीनंतर कोबी, नवलकोल, वांगी, अळसांदे. गेल्या पावसाळ्यापासून अळ्यांसाठी बीटी कुर्स्टाकीची, म्हणजे अळ्या मारणाऱ्या एका जिवाणूची, पावडर मारतोय. आज लिहितोय ते पाकिटाच्या संतापाने.

अर्धा किलोचं पाकीट, आणि एकदा कापलं की बंद करायची काही सोय नाही. लिटरला दोन ग्रॅम धरले तरी सोळा लिटरच्या पंपाला बत्तीस ग्रॅम पुरतात. उरलेल्याचं काय करायचं? जुलैत आमच्याकडे बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं. रबर लावलं, डब्यात ठेवलं, तरी गुठळ्या झाल्या नि नोझल तुंबलं. पुढचं पाकीट तर कापतानाच गुठळ्यांचं निघालं. दुकानदार म्हणाला, ‘फोडलेलं परत घेत नाही.’ न फोडता आतलं दिसणार कसं? पैसे गेले ते गेलेच.

औषधाबद्दल मात्र माझं मत बदललं. पहिल्या फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी कोबीवर अळ्या जिवंत दिसल्या, तेव्हा पावडर फुकट गेली असं वाटलं. पण पानांना नवी भोकं पडत नव्हती. या जिवाणूच्या स्फटिकातलं क्राय प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं, आतड्याच्या पेशींना छिद्रं पाडतं. अळी खाणं लगेच सोडते, मरते दोन-तीन दिवसांनी. आपलं पोट आम्लधर्मी, शिवाय ते प्रथिन चिकटायला लागणारी जागाच आपल्या आतड्यात नाही, म्हणून घरातल्या मुलांची धास्ती वाटत नाही. मधमाश्याही भेंडीच्या फुलांवर पूर्वीसारख्याच येतात. रेशीमकिडे पाळणाऱ्यांनी मात्र याच्यापासून लांबच राहावं. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना हा जिवाणू मेलेल्या रेशीमकिड्यांतच सापडला होता.

फवारणी उन्हं उतरल्यावरच करा, उन्हात त्याचा जोर टिकत नाही. पावसाची सर आली की धुऊन जातं, पुन्हा मारावं लागतं. अळ्या लहान असतानाच मारा. मावा, पांढरी माशी यांना याचं काहीच वाटत नाही.

वांग्यात निराशा झाली. शेंडे व फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाली की लगेच आत शिरते, आणि पावडर राहते सालीवर. बीटी वांग्यात तेच प्रथिन बनवणारा जनुक झाडातच घातलाय, त्यामुळे आतल्या अळीलाही ते खावं लागतं. आपल्याकडे त्याच्या लागवडीला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली. बांगलादेशात ते २०१४ पासून शेतात आहे. तेव्हा नुसत्या वांग्यांसाठी ही पावडर घेऊ नका. मी किडके शेंडे खुडून जाळतो आणि कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारा सापळा, लावतो.

कोबीसाठी पुन्हा घेणार, पण शेजारच्या दोघांबरोबर वाटून, एकाच संध्याकाळी पाकीट संपवायच्या बोलीवर. कंपनीने पन्नास ग्रॅमच्या पुड्या काढल्या तर ग्रॅममागे दीडपट पैसेही देईन.