थकलेलं घरभाडं भरायला पैसे कुठून: बचत गट की सावकार?

वाळूजला कंत्राटी काम करणाऱ्याला कंपनीनं दोन महिन्यांचा ब्रेक दिला, की गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीतल्या घराचं भाडं पहिल्यांदा थकतं. किराणा थकवता येत नाही ना! मग नोटीस येते आणि माणूस घाबरून सावकाराचं दार वाजवतो.

सावकार पैसे संध्याकाळी हातात ठेवतो, हे खरं. पण शेकडा दहानं दहा हजार घेतले, तर महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज. मुद्दल जागच्या जागी. आमच्या गटात शेकडा दोननं तेच व्याज दोनशे पडतं. शेजारच्या काकूंनी भाड्यासाठी असेच पैसे घेतले. बैठकीत सगळ्यांसमोर नाव पुकारलं, वहीत सही झाली, दहा महिन्यांत फिटले. बैठकीपर्यंत थांबावं लागतं आणि अडचण चारचौघींत सांगावी लागते, त्याचा संकोच वाटतो. तरी मी गटच निवडीन.

सावकाराकडे जायचंच असेल, तर परवाना बघा, पावती मागा. २०१४ च्या सावकारी कायद्यानं विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मात्र कुणी कितीही गोड बोललं तरी करू नका.

आणि दोन्हींच्या आधी एक करा: मंडळाच्या कार्यालयात थकबाकीचे हप्ते पाडून मागणारा अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.