भोसरीतून इनटेक मॅनिफोल्ड बनवून घेताना: काम उत्तम, क्रम उलटा

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत अ‍ॅल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनच्या सिलिंडरांना हवा वाटणारा नळ्यांचा भाग) सहसा एका छपराखाली बनत नाही. प्लेट कापणारा एक, व्हीएमसीवाला (संगणकावर चालणारं मिलिंग मशिन) दुसरा, टिग वेल्डर (आर्गॉन वायूच्या आडोशात विजेच्या आर्कने जोडणारा) तिसऱ्या गल्लीत. म्हणून हा रिव्ह्यू कुठल्या एका शेडचा नाही, सगळ्या साखळीचा आहे. जॉब असा: मारुती जिप्सीचं 1298 सीसीचं 16 व्हॉल्व्ह इंजिन, ऑटोक्रॉस आणि रॅलीसाठी. चार रनर (प्रत्येक सिलिंडरला हवा नेणाऱ्या नळ्या), त्यांच्या डोक्यावर प्लेनम (हवा साठवणारा डबा), एका टोकाला थ्रॉटल बॉडी (हवा कमीजास्त करणारी झडप). रोजच्या रस्त्यावरच्या गाडीत असं काही बसवायचं मनात असेल तर आधी मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 वाचा.

मशिनिंगला पाचपैकी साडेचार, टिगला चार, आणि कोणतं काम कधी करायचं याच्या समजेला दोन. हे दोन गुणच शेवटी महागात पडतात.

मालापासून सुरुवात करू. हेड फ्लँजसाठी (इंजिनच्या हेडवर आवळायची सपाट पट्टी) 12 मिमीची 6061-टी6 प्लेट मागा; 6061 हा मिश्रधातूचा क्रमांक, टी6 म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेली. दुकानदार ‘एचई-30’ देतो म्हणाला तर घ्या, ती 6082 असते आणि या कामाला तितकीच चालते. मुंबईत गुलालवाडी-कुंभारवाड्याकडेही याच नावाने माल मिळतो. कोणी ‘ड्युरल आहे, जास्त मजबूत’ म्हणून तांबं मिसळलेली प्लेट गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. ती मजबूत असते हे खरं, पण वेल्ड थंड होताना जोडाच्या कडेला चीर जाते, आणि कितीही चांगला वेल्डर असला तरी ती थांबत नाही. रनरला 38 मिमी बाहेरचा व्यास आणि 2 मिमी जाडीची नळी, प्लेनमला 3 मिमीचा 5052 पत्रा.

कटिंगला वॉटरजेट मिळत असेल तर तेच घ्या. लेझरने 12 मिमी कापतं, पण खालच्या कडेला घट्ट बर (धातूची खरखरीत किनार) राहतो आणि कापलेल्या तोंडावर ऑक्साइडचा थर बसतो. तो तसाच ठेवून वेल्ड मारला की आत काळे कण अडकतात. लेझरच घेतलं तर प्रत्येक पोर्टची कड फाइलने चकचकीत करून द्यायला सांगा.

व्हीएमसीचं काम इथे खरोखर देखणं होतं. स्टडची भोकं जागच्या जागी, गॅस्केट ठेवलं तर केसाचाही फरक नाही. घोळ असा की ड्रॉइंग हातात पडताच ऑपरेटर फ्लँजचं हेडवर बसणारं तोंडही फिनिश करून टाकतो. आरशासारखं तोंड घेऊन जॉब वेल्डिंगला जातो आणि तिथून केळं होऊन परत येतो.

असं का होतं? वेल्ड फक्त रनरच्या बाजूला असतो. थंड होताना तो आकसतो आणि फ्लँजची दोन्ही टोकं रनरकडे ओढतो. हेडवर ठेवल्यावर मधले दोन पोर्ट टेकतात, 1 आणि 4 उचललेले राहतात. नट आवळून ते बसल्यासारखे वाटतात, पण इंजिन तापलं की तिथून हवा ओढली जाते. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) चालणाऱ्या ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) प्लेनममधला एकच दाब दिसतो. कुठल्या सिलिंडरमध्ये जादा हवा गेली हे त्याला कळत नाही. आयडल चढलेला राहतो, 1 आणि 4 चे प्लग पांढरे पडतात, आणि ट्यूनर इंजेक्टर बदलत बसतो.

यावर उपाय ड्रॉइंगवर एक ओळ: ‘तोंडाला 1 मिमी माल ठेवा, फिनिश फेसिंग वेल्डिंगनंतर.’ ही ओळ मराठीतच आणि मोठ्या अक्षरात लिहा. दुसरी सेटिंग (जॉब मशिनवर पुन्हा बांधणं) लागते, तिचे पैसे वेगळे पडतात, आणि एका नगाला सेटिंगचेच पैसे जास्त, ही कुरकुर ऐकावी लागेल. ऐका आणि द्या. शेवटी स्ट्रेटएज ठेवून फीलर गेजने तपासा: 0.05 मिमीची पाती कुठेही शिरता कामा नये.

फिक्स्चर, म्हणजे वेल्ड करताना जॉब धरून ठेवणारी पकड, हा दुसरा कमकुवत दुवा. बऱ्याच ठिकाणी फ्लँज टेबलावर दोन सी-क्लॅम्पने धरतात. 25 मिमीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटला स्टडच्या सगळ्या भोकांतून आवळलेला हवा, आणि हात लावता येईल इतका गार होईपर्यंत सोडायचा नाही. अ‍ॅल्युमिनियम 100 अंश तापलं तर मीटरला सुमारे 2.3 मिमी वाढतं. म्हणजे 330 मिमीच्या फ्लँजला पाऊण मिमी. गरम असताना सोडला की तो मनाला येईल तसा बसतो.

टिग करणारे हात चांगले आहेत. नळी आणि फ्लँज यांच्या जाडीतल्या फरकाची त्यांना समज आहे: 12 मिमी प्लेट उष्णता पिऊन घेते आणि 2 मिमीची नळी क्षणात गळते, म्हणून आर्क प्लेटवर धरून वितळलेल्या धातूचं डबकं नळीकडे ढकलायचं. फ्लँज आधी 100 अंशांपर्यंत गरम केला तर हे सोपं जातं. 120 च्या वर नेऊ नका, टी6 चा कस उतरतो. 3 मिमी पत्र्याला 110-120 अँपिअर एसी, आर्गॉन मिनिटाला 8 ते 10 लिटर. शेजारचे रनर लागोपाठ घ्यायचे नाहीत. 2, 4, 1, 3 असा क्रम धरा. नळी फ्लँजमध्ये तोंडापासून 3 मिमी आत ठेवून आतूनही एक वेल्ड फिरवला तर बाक कमी होतो. तो वेल्ड नंतर मोठ्या दाताच्या बरने (फिरत्या कानशीने) घासून पोर्टशी मिळवायचा. बारीक दाताचा बर अ‍ॅल्युमिनियमने लगेच भरतो.

वेल्डमध्ये भरायचा रॉड विचारून घ्या. 4043 छान वाहतो आणि चिरा टाळतो, पण अ‍ॅनोडाइज केल्यावर (विजेने ऑक्साइडचा संरक्षक थर चढवल्यावर) त्याचा वेल्ड काळपट दिसतो. अ‍ॅनोडाइज करणार असाल तर 5356. पावसाळ्यात मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. दमट हवेत पडून राहिलेला रॉड, पांढरे डाग पडलेला पत्रा, कटिंगचं तेल न पुसलेली नळी, या सगळ्यांतून हायड्रोजन येतो आणि वेल्डमध्ये सुईछिद्रं पडतात. आधी अ‍ॅसिटोन, मग फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी ठेवलेला स्टेनलेस ब्रश. लोखंडावर चाललेला ब्रश आणलेला दिसला तर तिथेच थांबवा.

गोल नळी लंबगोल पोर्टला जुळवणं ही मात्र भोसरीची खरी करामत. 34 मिमी आतल्या व्यासाचा परीघ जवळपास 107 मिमी. स्टीलच्या मँड्रेलवर ठोकून तो 38.5 × 26 च्या लंबगोलात (बाजू सरळ, टोकं अर्धगोल) तंतोतंत बसतो, क्षेत्रफळ 908 वरून 857 चौरस मिमीवर येतं. साडेपाच-सहा टक्के घट, हवेचा वेग वाढायला चालते. कारागीर लाकडी हातोडीने तीन-चार टप्प्यांत हे करतो आणि नळीला सुरकुती येत नाही.

प्लेनमचं प्रमाण इंजिनाच्या सीसीच्या एक ते दीडपट ठेवा, इथे 1.3 ते 2 लिटर. सपाट चौकोनी डबा मागू नका. आयडलला आत निर्वात असतो. 300 × 100 मिमीच्या एका सपाट बाजूवर बाहेरची हवा पावणेदोनशे-दोनशे किलोने दाबते. बाजू ढोलासारखी आतबाहेर होते आणि काही दिवसांनी कोपऱ्याचा वेल्ड सुटतो. गोलाई द्या, नाहीतर आतून पट्टी. रनरच्या प्लेनममधल्या टोकाला बेलमाउथ (कर्ण्यासारखं पसरट तोंड) सरळ पत्र्याला लावलेल्या धारदार नळीपेक्षा कितीतरी बरे. लेथवर सहज वळून मिळतात.

इंजेक्टरचे बॉस (बसवायच्या बैठका) चारही एकदम, नकली रेल (इंजेक्टरांना पेट्रोल देणारी नळी) आवळूनच टॅक करायला (तात्पुरते ठिपके मारून जोडायला) लावा. एकेक करून लावले की रेल बसत नाही. 14 मिमी ओ-रिंगचं भोक आधी लहान ठेवा आणि वेल्डनंतर रीम करा, कारण वेल्डने ते अंडाकृती होतं. सेन्सरचे आटेही वेल्डनंतरच. ब्रेक बूस्टरचा निपल आणि आयडल व्हॉल्व्हची जागा आठवणीने सांगा. विचारल्याशिवाय कोणी देणार नाही, आणि बूस्टर विसरलात तर ब्रेक दगडासारखा होईल.

आणखी एक नेहमीची चूक: खालच्या नटाला 12 चा पानाच पोचत नाही. टॅक अवस्थेतच हेडवर बसवून प्रत्येक नट पान्याने फिरवून बघा. पूर्ण वेल्ड झाल्यावर रनर हलत नाही.

लीक टेस्ट मागितल्याशिवाय होत नाही. पोर्टना रबर आणि 10 मिमीची प्लेट आवळून 0.5 बार हवा भरायची आणि साबणाचं पाणी लावायचं. त्याहून जास्त दाब नको. ही टेस्ट पावडर कोटिंगच्या आधी करा. कोटिंग सुईछिद्रं तात्पुरती बुजवतं आणि पुढे पेट्रोलच्या वाफेने ती परत उघडतात. डिलिव्हरी गुरुवारी धरू नका, त्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी असते.