दोन निरोगी रीडिंग, दोन खोटे आजार आणि २९,१०० रुपये

निदानाचे १,२००, 'इम्पोर्टेड' ऑक्सिजन सेन्सरचे (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) ९,४००, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळवणारा भाग) धुण्याचे ४,५०० आणि ईसीयूच्या (इंजिन चालवणारा संगणक) मॅपिंगचे, म्हणजे त्यातली इंधनाची गणिते बदलण्याचे, १४,०००, असे एकूण २९,१०० रुपये महामार्गालगतच्या एका चकचकीत गॅरेजने माझ्याकडून उकळले. माझ्या बीएस-४ पेट्रोल गाडीचा गुन्हा एवढाच, की लिटरला सतरा किलोमीटर देणारी ती चौदावर आली होती. मागच्या चाकाचा ब्रेक जाम होता, हे पुढे दुसरीकडे कळले आणि तो ६५० रुपयांत सुटला.

त्या गृहस्थाने स्कॅनर लावून मला दोन ओळी दाखवल्या. पहिल्या, कन्व्हर्टरच्या पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखे वरखाली होत होते. "हा सेन्सर वेडा झालाय," असे तो म्हणाला. दुसऱ्या, कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.७ वर स्थिर होते, "०.४५ च्या वर म्हणजे रिच, साहेब, नुसते पेट्रोल ओततेय," असा त्याचा निष्कर्ष होता. यातले ०.४५ व्होल्टचे विधान अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते पचते. अशा साध्या (झिर्कोनिया) ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग या प्रमाणाजवळ एकदम उलटते. व्होल्टेज ०.४५ च्या वर असेल तर रिच म्हणजे पेट्रोल जास्त, खाली असेल तर लीन म्हणजे पेट्रोल कमी. परंतु गाडी गरम होऊन ईसीयू स्वतःच मिश्रण सांभाळू लागला, की पुढच्या सेन्सरने असे वरखाली नाचणे हेच त्याच्या तब्येतीचे लक्षण असते, आणि कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरने ०.६-०.७ च्या आसपास शांत बसणे हे कन्व्हर्टर काम करत असल्याचे. त्याने दोन निरोगी लक्षणे मला दोन आजार म्हणून विकली, आणि ज्या रीडिंगने कन्व्हर्टर चांगला असल्याचे सांगितले त्याच रीडिंगच्या जोरावर तो धुण्याचे पैसेही घेतले.

मला सर्वांत जास्त जाळतो तो यानंतरचा क्षण. त्याच पडद्यावर खाली 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' अधिक २ टक्के असे लिहिलेले होते, आणि मी त्याचा अर्थ विचारताच त्याने बोटाने ती ओळ वर सरकवली. ईसीयूने पेट्रोल किती वाढवले किंवा कमी केले, ते हा आकडा सांगतो. इंजिन खरोखर इतके रिच असते, तर ईसीयूने पेट्रोल कमी करत तो आकडा चांगलाच उणे नेला असता. शिवाय डॅशबोर्डच्या कप्प्यात ताजे पीयूसी होते. त्यावर कार्बन मोनॉक्साइड ०.०५ टक्के आणि मर्यादा ०.३ टक्के. हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा लॅम्डाही १ च्या आसपास, म्हणजे ना रिच ना लीन, होता. हे सगळे तेव्हा कोणाला सुचावे? मी बँकेत नोकरी करतो. डॉक्टरने ईसीजी दाखवला तर आपण रेषा मोजत बसत नाही, त्याच विश्वासाने मी मान डोलावली, आणि त्यात माझे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

नवा सेन्सर बसवलाच नव्हता. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी वर घेऊन दाखवले, तेव्हा आटे गंजलेले, कंपनीतूनच लागलेले दोन्ही सेन्सर जागच्या जागी होते. जुना भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मॅपिंगही झाले नव्हते; ईसीयूतली कॅलिब्रेशन फाइल मूळचीच निघाली. साध्या सेन्सरच्या व्होल्टेजवरून जो हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा '१३.२' असा नेमका आकडा सांगतो, त्याला ते प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर कुठे आहे ते विचारा, कारण साधा सेन्सर रिच की लीन एवढेच खात्रीने सांगतो. थंड इंजिनवरचे रीडिंग तर पाहूच नका. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय त्याच्या रीडिंगला काही अर्थ नसतो.

पोलीस चौकीत "हा दिवाणी मामला आहे" असे सांगून मला वाटेला लावले. ग्राहकांच्या मदतवाहिनीने तक्रार नोंदवली, गॅरेजला ती पाठवली आणि 'समोरून प्रतिसाद नाही' असा शेरा मारून बंद केली. म्हणजे चोराने उत्तर दिले नाही, की चोरीच मिटली. परिवहन कार्यालयातल्या बाबूंनी तर कमाल केली: गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही, पण मॅपिंग केले असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अनधिकृत बदलाबद्दल तुमच्यावरच कारवाई होईल, हे त्यांनी मला बसायलाही न सांगता ऐकवले. ज्या कामाचे १४,००० रुपये लुबाडले गेले, ते झालेच नव्हते यावर आता मी समाधान मानायचे होते!

जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल आधी मागा. माझ्याकडे हाताने लिहिलेली चिठ्ठी आणि त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर केलेल्या यूपीआयची नोंद एवढेच आहे. त्यावर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे आणि आता तज्ज्ञाचा लेखी अहवाल हवा आहे. ज्या मेकॅनिकने मला गंजलेले आटे बॅटरीच्या उजेडात दाखवले, तो सही करायला तयार नाही. याच लाइनीत धंदा करायचा आहे, असे त्याचे म्हणणे आहे.