जुन्या पेट्रोल जीपमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

गाडी सीजे थ्रीबी, हरिकेन पेट्रोल इंजिन, २१९९ सीसी, १२ व्होल्ट. डेल्कोतले (डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट, म्हणजे उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारे कॉन्टॅक्ट, काढून हा मॅग्नेट रिंगवाला किट बसवला त्याला आता पावसाळा, थंडी आणि निम्मा उन्हाळा झाला. किट चांगलाय. पण प्लगला करंट येत नाही म्हणून घेणार असाल तर जरा थांबा, आधी करंट का येत नाही ते बघा.

माझी गाडी पहिनेच्या पुढे भर पावसात बंद पडली. सेल्फ फिरतोय, पेट्रोल येतंय, प्लगला ठिणगी नाही. टो करून नाशिकला आणली तर पहिला सल्ला "कॉइल गेली", दुसरा "भाऊ, डिझेल इंजिन टाकून घे" (पेट्रोल जीपवाल्याला सर्दी झाली तरी हा सल्ला मिळतो). कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) मोजली, प्रायमरी वाइंडिंग ३ ओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. मग टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलच्या मायनसला लावून सेल्फ मारायला लावला. पॉइंट उघडझाप करत असले की लॅम्प लुकलुकतो, इथे पेटेचना, प्लसला मात्र मस्त पेटतोय. डेल्कोकडे जाणारी वायर मायनसवरून सोडवली आणि लॅम्प लगेच लागला, म्हणजे कॉइल आरपार चालू, डेल्कोच्या आतच कुठेतरी कायम अर्थ (बॉडीला शॉर्ट) होतंय. कॅप काढून बघितलं तर पॉइंटची छोटी वायर बॉडीतून आत येते तिथेच घासून उघडी पडलेली. मग पॉइंट उघडले तरी करंट तिथून अर्थ होणार, कॉइलचं मॅग्नेटिक फील्ड कोसळणार कधी आणि ठिणगी पडणार कशी? वायर बदलली, कडक निळी ठिणगी. किटचा काही संबंध नाही.

किट नंतर घेतला, कारण पॉइंटला खड्डे पडले होते आणि हल्ली मिळणाऱ्या पॉइंटचा फायबर ठोकळा लवकर झिजतो, ०.०२० इंचाचा गॅप कमी होत जातो आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे सरकतं. बसवणं सोपं, लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला, उलटी लावली तर मॉड्यूल (किटमधला पॉइंटऐवजी बसणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळतं. टायमिंग परत ५ डिग्रीला लावून घ्या. आयडलिंग एकदम स्थिर, टॉपमध्ये हळू ओढताना मिसिंग गेलं. ॲव्हरेज वाढतं वगैरे सांगतात ते मला तरी दिसलं नाही.

थंडीत मात्र डोकं खाल्लं. निफाडला पहाटे सेल्फ मारत राहिलं तर ढिम्म, चावी सोडली की त्या क्षणी पकडायची. मीटर लावला तर सेल्फ फिरताना कॉइलच्या प्लसला ८ व्होल्टपण नाहीत, जुन्या इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट गेलेले. एवढ्यावर पॉइंटने थोडीतरी ठिणगी दिली असती, मॉड्यूल देत नाही. बॅटरीवरून फ्यूज टाकून रिलेने सप्लाय दिला, विषय संपला.

बाकी इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गप्पा मारू नका, मॉड्यूल तापतं. साध्या तांब्याच्या प्लग वायरी काढून रेझिस्टन्सवाल्या टाका. आणि मॉड्यूल रस्त्यात गेलं की पॉइंटसारखी फाइल (कानस) मारून गाडी घरी आणता येत नाही, म्हणून जुनी प्लेट, पॉइंट, कंडेन्सर टूलबॉक्समध्येच ठेवलेत. गाडी अजून ६ व्होल्टची असेल किंवा बॅटरीचा प्लस बॉडीला असेल तर हा १२ व्होल्ट निगेटिव्ह अर्थवाला किट चालणार नाही, मागवायच्या आधी बोनेट उघडून बघा.