१० लिटरचा लोखंडी कॅन आणि बिनइथेनॉलचं पेट्रोल, सात महिन्यांनी उघडलं

दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग आहे, गवत कापायचं मशीन पावसाळ्यात लागतं आणि दिवाळीनंतर शेडमध्ये पडून असतं. मागच्या वेळी पंपावरचं साधं पेट्रोल प्लास्टिकच्या कॅनमध्ये तसंच राहिलं, जूनमध्ये तेच टाकलं तर दोरी ओढून ओढून हात दुखले पण मशीन काही चालू होईना, शेवटी मेकॅनिकने कार्बोरेटर खोलला तर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, पिवळा चिकट थर आणि डायफ्राम (आतला रबरी पडदा) पार कडक. आता पंपावर ई-२० येतं ना, त्यातलं २० टक्के इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी वाढलं की दोन्ही मिळून तळाला बसतात आणि मशीनची नळी नेमकी तळातूनच ओढते.

म्हणून यंदा नाशिकच्या रविवार कारंज्यावरून लोखंडी कॅन घेतला आणि पुण्याहून येताना इंडियन ऑइलचं एक्सपी१०० हे बिनइथेनॉलचं पेट्रोल आणलं. साध्याच्या जवळपास दीडपट भाव आहे. घरी येऊन आधी तपासलं, काचेच्या उभ्या मापात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी, हलवून ठेवलं तर पाण्याची रेघ १० वरच राहिली, इथेनॉल असतं तर ते पाण्यात उतरून रेघ वर गेली असती. साध्या पेट्रोलला तीच रेघ पंचविशीच्या आसपास गेली!! (ते मापातलं परत मशीनमध्ये टाकू नका.)

कॅनबद्दल बोलायचं तर पत्रा जाड, झाकणाचं रबर एकदम घट्ट, मे महिन्यात सैल केलं तर फुस्स करून वाफ सुटली, म्हणजे आतलं बाहेर जात नव्हतं, आणि पेट्रोलचा हलका भाग उडून गेला की मशीन लवकर चालू होत नाही म्हणून हेच महत्त्वाचं. थोडी जागा सोडून भरायचा, सावलीत ठेवायचा, मशीनसाठी पेट्रोलमध्ये टाकायचं ऑइल आधी मिसळून ठेवायचं नाही. नोझल मात्र बेकार, ओतताना थेंब थेंब गळतं, मी वेगळं नरसाळं वापरतो.

कायद्यानेही विनापरवाना पेट्रोल घरी ठेवायचं तर एकूण ३० लिटरपर्यंतच आणि धातूचा कॅन २५ लिटरपर्यंतचा, प्लास्टिक त्यात बसत नाही.

बिनइथेनॉलचं सुद्धा कायमचं टिकत नाही हं, हवेने चिकट होतंच, नीट बंद असेल तर सहा महिने धरून चाला, स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवायचं औषध) टाकलं तर वर्षभर. माझं सात महिन्यांचं झालं होतं, वास ताजाच होता, तिसऱ्या ओढीत मशीन चालू झालं. पुढच्या दिवाळीला कॅनवर भरल्याची तारीख रंगाने लिहिणार आहे.