प्युअरलॅन: ७ ग्रॅमची ट्यूब घ्यावी, ३७ ची नको

प्युअरलॅन हे बाळाला पाजताना बोंडाला पडणाऱ्या भेगांवर लावायचं मलम. त्यात घटक एकच, शुद्ध केलेलं लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीवरची चरबी. पाजण्याआधी ते पुसावं लागत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू. दर दोन तासांनी पुसून पुसूनच कातडी सोलवटते. खोबरेल पुण्याच्या उन्हाळ्यात ओघळून ब्लाउजला लागतं, हे मात्र लावलं तिथे राहतं.

एका वेळी मुगाच्या दाण्याएवढं पुरतं. डिसेंबरातल्या सकाळी ट्यूब दाबली तर मलम मेणासारखं घट्ट येतं, आणि तसंच बोंडावर ओढलं तर भेगेची कड उकलते. म्हणून आधी चिमटीत चोळून ते पातळ, चकचकीत करायचं, मग नुसतं टेकवायचं, रगडायचं नाही. पाजून झालं की दोन थेंब दूध पिळून बोंडाला लावावं, वाळू द्यावं आणि त्यावर मलम लावावं. ओल्या कातडीवर ते धरत नाही.

आता ट्यूबवर न लिहिलेली गोष्ट. चीर मलमाअभावी पडत नाही. बाळ नुसतं बोंड धरतं, तेव्हा ते जीभ आणि टणक टाळू यांच्यामध्ये चिरडतं. सुटलेलं बोंड नव्या लिपस्टिकसारखं तिरकं, चपटं दिसलं की पकड उथळ आहे असं समजावं. बाळाने आ वासला की हनुवटी आधी स्तनाला टेकवून त्याला जवळ घ्यायचं, म्हणजे काळसर वर्तुळाचा खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त तोंडात जातो आणि बोंड मागे मऊ टाळूजवळ पोचतं. तरी दुखलं तर ओढून काढू नये. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं. अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१४ च्या कोक्रेन आढाव्यातही लॅनोलिन हे काहीच न लावण्यापेक्षा किंवा स्वतःचं दूध लावण्यापेक्षा सरस ठरलं नाही. म्हणूनच छोटी ट्यूब.

मालिशवाल्या मावशी बेसनाने बोंडावरचा ‘मळ’ काढतात, ते मात्र प्रेमाने थांबवा. वर्तुळावरचे बारीक उंचवटे म्हणजे माँटगोमेरी ग्रंथी. त्यांतून येणारा तेलकट स्राव कातडी मऊ ठेवतो आणि त्याच्या वासाने बाळाला स्तन सापडतो. साबणही तिथे नको, आंघोळीचं साधं पाणी बस. ते उंचवटे पुळ्या समजून फोडू नयेत.

काही दुखण्यांवर या मलमाचा उपयोग नाही. गुलाबी चकाकी, पापुद्रे आणि पाजून झाल्यावरही राहणारी जळजळ असेल तर बुरशीची शंका घ्यावी. बाळाच्या तोंडात न पुसली जाणारी पांढरी साय दिसते का ते पाहावं आणि दोघांचे उपचार एकदमच करावेत. पाजल्यावर बोंड पांढरंफटक पडून ठणकत असेल तर रक्तवाहिन्या आकसताहेत, तिथे शेक बरा. पिवळी खपली, किंवा ताप आणि स्तनावर लाल, कडक पट्टा दिसला तर डॉक्टरकडे जावं, पण पाजणं बंद करू नये. एकाच बाजूचा इसबासारखा चट्टा आठवड्यांनंतरही भरत नसेल तर तो दाखवायलाच हवा.

लोकर अंगाला सोसत नसेल तर आधी दंडाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. पावसाळ्यात गळणारं दूध टिपायला ब्राच्या आत ठेवायचे, प्लास्टिकचं अस्तर असलेले पॅड टाळावेत, आत ओल कोंडते. सुती घड्या वापराव्यात आणि भिजल्या की बदलाव्यात. मलमाचा डाग चिवट पडतो, तेव्हा जुनीच ब्रा वापरा.